बोटीवर झोपायचंय? आधी गादीखाली हात घालून बघा

आमची बोट अठ्ठावीस फुटी, शिडाची, तिघा मित्रांनी मिळून घेतलेली जुनी. पहिली रात्र आम्ही मांडव्यासमोर नांगर टाकून काढली. बोट जुनी असली तरी गादी नवीकोरी होती, सहा इंची, मेमरी फोमची, घरच्या पलंगासाठी घ्यावी तशी. ती हॅचमधून, म्हणजे बोटीच्या छतातल्या झडपेतून, खाली जाईना, तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं. ते आलं नाही. दोरीने करकचून आवळली आणि लाथा घालून आत ढकलली. त्या रात्री झोप झकास लागली. तीन आठवड्यांनी सहज म्हणून गादी उचलली, तर खालच्या प्लायवर पाण्याचे थेंब आणि गादीच्या पोटावर काळी बुरशी. बोट कुठेही गळत नव्हती. ते पाणी आमचंच होतं, घामाचं आणि श्वासाचं.

बोटीवरची गादी निवडताना दुकानात सगळे जण ती दाबून बघतात. मऊपणाचा विचार नंतर करता येतो. ही गादी कोरडी राहील का आणि चुकून ओली झालीच तर वाळेल का, हे आधी बघायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती छप्पन्न फुटी बोट गोव्यात बांधलेली. त्या बातम्या वाचून माझ्यासारखे काही जण चाळिशीत शिडाच्या नादी लागले. हा लेख अशांसाठीच आहे. साधारण पंचवीस ते चाळीस फुटांची बोट, शनिवार-रविवार अलिबाग किंवा मुरूड, आणि धाडस केलंच तर मुंबई ते गोवा. इंग्लंडमधल्या कालव्यांवर बोटीत राहणारे मराठी वाचक असतील, तर त्यांनी गादीखालच्या हवेचा भाग दोनदा वाचावा. थंडीत हा त्रास कितीतरी पटीने वाढतो.

पायरी १ : कुठे झोपणार ते ठरवा

नांगरावर झोपणं आणि चालत्या बोटीत झोपणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकच जागा दोन्हींना चालत नाही.

नांगरावर असताना नाळेतला बंक, म्हणजे झोपायचा फळीवजा ओटा, चांगला. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. बोट नांगराला बांधली की बहुतेक वेळा तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते, त्यामुळे पुढची हॅच उघडली की वारा थेट अंगावर येतो. मुंबई बंदरात मात्र भरती-ओहोटीचा ओढा एवढा असतो, की कधीकधी बोट वाऱ्याऐवजी पाण्याला तोंड देते. मग वारा आडवा, लाटा आडव्या, वर जाणाऱ्या-येणाऱ्या लाँचच्या लाटा वेगळ्या, आणि तुम्ही रात्रभर पोळपाटावरच्या लाटण्यासारखे इकडून तिकडे. नाळेत साखळीची खरखरही ऐकू येते. नवख्याला तिचा राग येतो, पण तिची सवय करून घ्या. नांगर सुटून घसरायला लागला तर पहिली खबर त्याच आवाजातून मिळते.

चालत्या बोटीत नाळेकडे फिरकू नका. लाटेवर बोट सर्वात जास्त वर-खाली होते ती तिथेच. अंग गादीवरून उचललं जातं आणि पुन्हा आपटतं. अशा वेळी मधल्या केबिनमधला लांब बाक किंवा कॉकपिटच्या (बोट हाकायला बसतात त्या उघड्या जागेच्या) खाली आत शिरणारा अरुंद बंक गाठावा. या दुसऱ्याला आम्ही ‘बीळ’ म्हणतो. तिथे हेलकावे कमी, पण उकाडा जास्त, कारण इंजिन शेजारीच असतं. शिवाय वरून कोणी ओल्या कपड्यांनी खाली उतरलं, की बिळात झोपलेल्याच्या तोंडावर पाणी ठिबकतं.

आणखी एक गोष्ट नव्या लोकांना पटत नाही. चालत्या बोटीत बंक अरुंदच हवा. खांद्यापाशी ५५ ते ६० सेंटीमीटर पुरतात. रुंद बंकावर लोळायला जागा मिळते, आणि जो लोळतो त्याला झोप मिळत नाही.

पायरी २ : कागदावर माप घ्या, तेही दोनदा

टेपने लांबी-रुंदी लिहून गादीवाल्याकडे जाऊ नका. बोटीत काटकोन नावाची वस्तू नसते. खाकी कागद किंवा जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून थेट बंकावर पसरा आणि कडेने कापा. हा झाला खालचा नमुना.

आता दुसरा. बोटीची भिंत सरळ उभी नसते, वर जाताना बाहेर फाकते. त्यामुळे चार इंच जाड गादीचा वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद लागतो. प्लायपासून चार इंच उंचीवर भिंतीला पेन्सिलने खुणा करा आणि त्या रेषेपर्यंतचा दुसरा कागद कापा. दोन्ही नमुने गादीवाल्याला दिले, की तो कड तिरकी कापून देतो. एकच नमुना दिलात तर गादी आणि भिंत यांच्यात फट राहते. त्या फटीत आधी चष्मा जातो, मग मोबाइल, मग हात.

दोन्ही कागदांवर मोठ्या अक्षरात ‘वर’ आणि ‘नाळ’ असं लिहून ठेवा. आमच्या गादीवाल्याने एक तुकडा उलटा कापला होता. चूक त्याची नव्हती, खूण आम्हीच केली नव्हती.

गादी अखंड नको, दोन-तीन तुकड्यांत हवी. एक तर ती हॅचमधून आत जायला हवी. दुसरं म्हणजे बंकाखाली पाण्याची टाकी, सुटे भाग, डबाबंद जेवण असं काहीतरी असतंच, आणि ते काढताना अख्खी गादी उचलायला लागली तर तुम्ही ते काम टाळत राहता. फक्त जोड कमरेखाली येऊ देऊ नका. गुडघ्यापाशी चालतो.

पायरी ३ : फोम

आपल्याकडे फोम ‘डेन्सिटी’वर विकला जातो. ३२, ४० हे आकडे म्हणजे एका घनमीटरला किती किलो. म्हणजे ती घनता झाली, कडकपणा नव्हे. ४० चा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. घनतेवरून कळतं ते एवढंच, की फोम किती वर्षं दबून बसणार नाही. बाकावर दिवसभर बसायचं आणि रात्री झोपायचं असेल, तर ४० च्या खाली जाऊ नका.

दुकानदार ४० म्हणतो म्हणून ४० असेलच असं नाही. वजनकाटा मागा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच जाड असा ४० चा तुकडा साधारण साडेचार किलो भरतो. ३२ चा असेल तर साडेतीनच्या जरासा वर. हे मी दुकानात करायला लागलो तेव्हा मालकाने आधी नाक मुरडलं, मग आतून दुसरा तुकडा आणला.

जाडी चार इंच पुरेशी आहे. पाचाच्या वर गेलात तर गादी बंकाच्या कडफळीच्या वर येते आणि तुम्ही गडगडत खाली येता. कूस बदलून झोपताना खुबा प्लायला लागतो का, हे दुकानातच तपासा. फरशीवर फोम टाकून आडवे व्हा, लाजू नका. खुबा टेकत असेल तर जाडी वाढवू नका. खाली तीन इंच कडक फोम आणि वर एक इंच मऊ, असा जोड बसवून घ्या.

बाकी प्रकारांबद्दल माझं मत असं. कापसाची गादी घरी उत्तम, बोटीवर अजिबात नको. कापूस ओल धरतो, जड होतो, आणि तो पुन्हा उन्हात घालून पिंजायला बोटीवर जागा कुठे असते? मेमरी फोमचं आमचं प्रकरण वर आलंच. तो अंगाची ऊब धरून ठेवतो, कोकणात एप्रिलमध्ये त्यावर झोपणं म्हणजे शिक्षा. लॅटेक्स सुरेख, पण महाग आणि खूप जड. काथ्याची गादी लोक हसून सोडून देतात, पण तिच्यातून हवा खेळते आणि काथ्याला खाऱ्या पाण्याचं वावडं नाही. नारळाची सोडणं कुजवतात तीच मुळी खाडीच्या पाण्यात. ती कडक असते एवढाच तिचा दोष. पाठदुखीवाल्यांनी जरूर विचार करावा.

पायरी ४ : गादीखाली वारा

सबंध लेखात एवढी एकच पायरी केली तरी चालेल.

झोपेत माणसाच्या अंगातून घाम आणि श्वास मिळून पेलाभर पाणी सहज जातं. त्यातलं काही गादीतून खाली उतरतं. गादीची वरची बाजू अंगाने गरम असते, खालची बाजू प्लायला टेकलेली असते, प्लायखाली बोटीचं अंग आणि त्यापलीकडे समुद्र. गरम, दमट हवा त्या गार थरापाशी पोचली की तिचं पाणी होतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच प्रकार. फरक इतकाच की तांब्या दिसतो आणि गादीचं पोट दिसत नाही.

उपाय साधा आहे : गादी आणि प्लाय यांच्यात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर हवेची जागा. परदेशात यासाठी जाळीचे खास थर आणि प्लास्टिकच्या स्प्रिंगांच्या चौकटी मिळतात. त्या छान असतात, पण मागवून घेण्याची गरज नाही. आपल्याकडे लाकडी पट्ट्या ठोकता येतात, तीन बोटं रुंद पट्टी आणि दोन बोटं फट. किंवा न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून टाकतात ती प्लास्टिकच्या जाळीची मॅट कापून अंथरता येते. आम्ही तेच केलं. जाड काथ्याची चटईही चालते, फक्त ती महिन्यातून एकदा काढून झटकावी लागते.

सोबत प्लायला भोकं पाडा, इंचभर व्यासाची, वीतभर अंतरावर. बोट पाण्यावर असताना ड्रिल घेऊन बसण्याआधी खाली पाण्याची टाकी, पाइप किंवा वायर नाही ना, हे बघा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

बोट सोडून घरी जाताना सगळ्या गाद्या कडेवर उभ्या करा. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्यात ते कोण करणार यावरून दोनदा भांडण झालं. आता शेवटी बोटीतून उतरणाऱ्याने करायचं, असा नियम आहे.

पायरी ५ : कव्हर

यात फार डोकं लावू नका. वर अंगाला लागणारा कपडा सुती-पॉलिएस्टर मिश्र, खाली हवा जाईल अशी जाळी. रेक्झीन नको, घामाने पाठ चिकटते आणि आत ओल कोंडते. चेन प्लास्टिकच्या दातांची, लांब बाजूला, म्हणजे फोम काढता-घालता येतो. धातूची चेन खाऱ्या हवेत सहा महिन्यांत अडकते. प्लास्टिकच्या चेनवरही अधूनमधून मेणबत्ती घासा. फोम कव्हरपेक्षा सेंटीमीटरभर मोठा कापायला सांगा, म्हणजे कव्हर ताणून बसतं आणि सुरकुत्या पाठीला टोचत नाहीत.

पायरी ६ : चादर, पांघरूण, उशी

सपाट चादर त्रिकोणी बंकावर टिकत नाही. दोन पर्याय आहेत. शिंप्याकडून त्याच कागदी नमुन्यावर इलॅस्टिकची चादर शिवून घ्या. नाहीतर एक दुहेरी चादर दुमडून दोन बाजूंनी शिवा आणि तिची पिशवी करा. मी पिशवीवाला आहे. रात्रपाळी बदलताना एकाच बंकावर आळीपाळीने झोपायचं असतं, तेव्हा प्रत्येकाने आपली पिशवी काढून न्यायची आणि दुसऱ्याने आपली अंथरायची. दुसऱ्याच्या घामात झोपावं लागत नाही, आणि पहाटे चार वाजता यावरून वाद होत नाहीत.

पांघरुणाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पिसांची महागडी रजई दमट झाली की तिची पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. लोकर तशी नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. धनगरी घोंगडी हे बोटीसाठी उत्तम पांघरूण आहे, असं मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. ती टोचते हे खरं, भिजली तर मेंढीचा वास येतो हेही खरं. टोचू नये म्हणून आतून चादरीची पिशवी आहेच. डिसेंबरात रत्नागिरीच्या पुढे पहाटे कॉकपिटमध्ये बसून पाळी करायची असते, तेव्हा हसणारे मित्रच घोंगडी मागतात.

सोलापुरी चादर घरोघरी असते म्हणून बोटीवर येतेच. उन्हाळ्यात ठीक आहे, पण ती जाड सुती. एकदा दमट झाली की दोन दिवस वाळत नाही. गोधडीचंही तेच, मायेची असली तरी. आजीच्या हातची असेल तर घरीच ठेवा.

उशी धुता येईल अशी, कृत्रिम तंतूंची. एक डोक्याला, आणि दोन जास्तीच्या. बोट डोलायला लागली की एक उशी पाठ आणि भिंत यांच्यात, दुसरी गुडघ्यांच्या खाली कोंबायची. अंग जागेवर अडकलं की स्नायू सैल पडतात. गादी कितीही चांगली असली, तरी स्नायू रात्रभर तोल सांभाळत असतील तर सकाळी अंग ठणकतंच.

पायरी ७ : झोळी

शिडाची बोट वाऱ्याने एका कुशीवर कलते आणि तासन्‌तास तशीच चालते. कललेल्या बाजूच्या बंकावर तुम्ही भिंतीला टेकून आरामात झोपता. समोरच्या बंकावर झोपलेला खाली पडतो. त्याच्यासाठी बंकाच्या मोकळ्या कडेला कापड लावतात. याला सगळे ली क्लॉथ म्हणतात. मी झोळी म्हणतो, कारण पोर जसं झोळीत निजतं तसंच हे आहे.

जाड कॅनव्हास घ्या, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लांब. डोकं आणि पाय उघडे राहू द्या, नाहीतर आत गुदमरायला होतं. कापडाची खालची कड गादीखाली वीतभर आत नेऊन लाकडी पट्टी आणि स्क्रूने प्लायला ठोका. नुसते खिळे नकोत. वरच्या दोन कोपऱ्यांना दोऱ्या बांधून छताजवळच्या आकड्यांना ताणा. कापड गादीच्या वर फूट-दीड फूट उभं राहायला हवं. दोरीची गाठ सरकफासाची, आणि आत झोपलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी. रात्री आरोळी आली तर उठून उभं राहायला पाच सेकंदही लागता कामा नयेत.

किनाऱ्यावरच परीक्षा घ्या. तुमच्यातला सर्वात वजनदार माणूस आत झोपवून त्याला धाडकन कापडावर अंग टाकायला सांगा. आमच्याकडे पहिल्या परीक्षेत आकडा छतासकट खाली आला. समुद्रात आला नाही, हे बरं झालं.

पायरी ८ : मीठ बाहेर

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत घरच्या बायका तांदळाचे दाणे टाकतात, ते का? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री ही मर्यादा कितीतरी वेळा ओलांडली जाते. म्हणजे चादरीत एकदा मीठ शिरलं, की ती दुपारी वाळते आणि रात्री आपोआप ओली होते. रोज. कितीही ऊन दाखवा. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय सुटका नाही.

म्हणून नियम कडक ठेवा. ओले कपडे जिन्यापाशीच काढायचे. पाय गोड्या पाण्याने, निदान ओल्या फडक्याने पुसायचे. पोहून आलेल्या माणसाने बंकावर टेकायचं नाही, तो कितीही जवळचा असो. बोटीवर पाणी कमी असतं, पण पायांसाठी तांब्याभर पाणी खर्च करणं अख्खी चादर धुण्यापेक्षा स्वस्त पडतं. दिवसा अंथरूण-उशी जलरोधक पिशवीत गुंडाळून ठेवा.

वाळत घालायची वेळ दहा ते चार. सूर्य कलायच्या आत सगळं आत घ्या. संध्याकाळची ओल बसली की दिवसभराची मेहनत वाया. आणि उघडा फोम उन्हात टाकू नका. उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. कव्हरसकट वाळवा. बुरशीचे बारीक ठिपके दिसले तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसून वाळवता येतात. फोमच्या आतपर्यंत काळं गेलं असेल तर तो तुकडा टाकून द्या, हळहळू नका.

डास आणि हवा

खाडीत नांगर टाकलात की संध्याकाळी डास येणारच. हॅचच्या मापाची जाळी कापून कडेने वेल्क्रो लावा. डासांची कॉइल केबिनमध्ये पेटवू नका, जागा लहान असते, फोम असतो आणि बहुधा गॅसचा सिलिंडरही. बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा छोटा पंखा पायांकडून डोक्याकडे वारा येईल असा लावा. जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये कोणीही झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मे संपताना

पावसाळ्याआधी बोट वर काढतात तेव्हा गाद्या बोटीत ठेवू नका. झाकलेल्या बोटीत चार महिन्यांत काय होतं ते आम्ही एकदा बघितलं आणि नाक दाबून बाहेर आलो. कव्हरं धुवा. फोमच्या प्रत्येक तुकड्यावर खालच्या बाजूला मार्करने ‘नाळ डावी’, ‘बाक उजवा’, ‘बीळ’ असं लिहा आणि तुकडे घरी नेऊन पलंगाखाली कडेवर उभे करा. आमच्या घरी हे तुकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जास्तीच्या गाद्या म्हणून पाहुण्यांना मिळतात. गेल्या गणपतीत पुण्याहून आलेली मावशी ‘नाळ डावी’वर झोपली. सकाळी तिची एकच तक्रार होती, की गादीचा एक कोपरा कोणीतरी कापून नेलाय.